शेतीचा रकाना

मी केलेल्या पहिल्या ऊर्जा-मॉडेलमध्ये महाराष्ट्रातले सगळे शेतीपंप रात्री चालत असत. तसे मी मुद्दाम ठरवले नव्हते. वर्षाचे ८,७६० तास एकाखाली एक मांडायचे, शेजारी घरे, कारखाने, रेल्वे, पाणीपुरवठा, शेती असे रकाने करायचे, प्रत्येक तासाला कोणाला किती वीज लागते ते भरायचे, आणि मग 'ही सगळी मागणी कमीत कमी खर्चात भागव' असे संगणकाला सांगायचे, असे आमच्या एम.टेक.च्या प्रबंधाचे काम होते. घरांची मागणी संध्याकाळी वाढते आणि ती पुढे-मागे सरकवता येत नाही. कारखान्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. शेतीच्या रकान्यापुढे मात्र, रूढ पद्धतीप्रमाणे, मी 'हलवता येण्याजोगा भार' असा शेरा टाकला होता. कोळशाची केंद्रे रात्रीपुरती बंद ठेवता येत नाहीत आणि त्या वेळी वीज घ्यायला फारसे कोणी नसते. तेव्हा संगणकाने सगळे पंप उचलून रात्रीत नेऊन ठेवले. आलेखातला रात्रीचा खड्डा बुजला, खर्चाचा आकडा खाली आला, आणि तो सपाट झालेला आलेख मी कौतुकाने वसतिगृहातल्या भिंतीवर चिकटवला.

त्याच हिवाळ्यात एकदा दादांचा सकाळी सहाला फोन आला. पारनेर तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे, एक विहीर आहे आणि तिच्यावर पाच एचपीची मोटर आहे. त्या आठवड्यात आमच्या फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून आमच्या शिवाराला वीज आणणाऱ्या वाहिनीची, रात्रपाळी होती. लाइट दोनला आली, कांद्याला पाणी द्यायला गेलो तर बांधावर बिबट्या बसलेला होता, म्हणून मोटर तशीच चालू ठेवून परत आलो आणि निम्मे वाफे फुटले, असे दादांनी सांगितले. सांगण्यात तक्रारीचा सूर नव्हता. कांद्याचे नुकसान किती झाले याचाच हिशेब जास्त होता.

ज्यांनी दारे धरलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पाट उघडून एका वाफ्यात पाणी घ्यायचे, वाफा भरला की खोऱ्याने त्याचे तोंड मातीने बुजवायचे आणि पुढच्याचे फोडायचे. एका वाफ्याला काही मिनिटे लागतात, म्हणून मध्ये झोपता येत नाही आणि बसताही येत नाही. पाय चिखलात, बॅटरी तोंडात किंवा काखेत, पौषातली थंडी, आणि पायाखाली काय आहे ते दिसत नाही. लाइट गेली की अंधारात पुन्हा मोटरीपर्यंत जायचे. फोन ठेवल्यावर मी भिंतीवरचा आलेख पाहिला. दोनच्या तासावर शेतीचा हिरवा पट्टा सर्वांत जाड होता. त्या पट्ट्यात दादा कुठेतरी उभे होते आणि त्यांना तिथे मी उभे केले होते.

अर्थात मी उभे केले म्हणणे हा अहंकार झाला. मॉडेलच्या कितीतरी वर्षे आधीपासून राज्यात शेतीला आळीपाळीने दिवसा आठ तास आणि रात्री आठ ते दहा तास वीज मिळत आली होती. ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने शेती हा रात्रीची उरलेली वीज जिरवण्याचा सोपा मार्ग होता. माझ्या मॉडेलने ती रूढी गणिताच्या भाषेत लिहून दिली, एवढेच. तरी त्या दिवसापासून कोणताही ऊर्जाविषयक अहवाल हाती आला की मी निष्कर्षांचे पान उघडत नाही. आधी गृहीतकांचे परिशिष्ट काढते आणि त्यात शेतीचा रकाना शोधते.

या रकान्याचा इतिहास फार रंजक आहे. महाराष्ट्रात लाखो पंपांना मीटर नव्हते आणि आकारणी अश्वशक्तीवर होती. मीटर नसेल तर शेतीने किती वीज वापरली हे कळायचे कसे? हिशेबाची रीत अशी, की तयार झालेल्या विजेतून मीटरवर मोजलेली वीज वजा करायची, तारांमधली गळती म्हणून काही टक्के वजा करायचे, आणि जे उरेल ते शेतीच्या नावावर मांडायचे. गळती जितकी कमी दाखवाल तितकी शेती जास्त वीज खाताना दिसते. चोरी, नादुरुस्त मीटर, जुनाट तारा हे सगळे शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते आणि तो फुकट्या ठरतो. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि दर ठरवण्यासाठी जाहीर सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या अभ्यासकांनी हा उरलेला आकडा उलगडून दाखवला. वीज मंडळ वर्षानुवर्षे पंधरा ते अठरा टक्के सांगत आलेली गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या पुढे निघाली. तेवढ्याने शेतीच्या रकान्यातला आकडा आक्रसला. एकही पंप बंद झाला नव्हता. चुकीच्या खात्यावर पडलेली वजाबाकी दुरुस्त झाली होती.

प्रयासची ही दृष्टी आली कुठून, याचा माग काढत गेले की बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी भेटतात. मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ असलेल्या रेड्डींनी १९७४ मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान विकसित करणारा 'अस्त्र' हा गट संस्थेत उभा केला होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकच्या वीज नियोजकांनी सन २०००पर्यंतची दीर्घकालीन योजना मांडली. मागे मागणी ज्या वेगाने वाढली त्याच वेगाने ती पुढेही वाढणार असे धरायचे आणि तेवढी केंद्रे बांधायची, हा तिचा गाभा. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. लोकांना युनिटे नको असतात. उजेड हवा असतो, गरम पाणी हवे असते, शेतात पाणी हवे असते. हे सगळे कमीत कमी विजेत कसे मिळेल? साध्या बल्बऐवजी कमी वीज खाणारे दिवे, गिझरऐवजी सौर बंब, पंपांना चांगले फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप) आणि योग्य मापाचे पाइप, शिवाय ज्या घरांत वीजच पोचलेली नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद, असा एकेका वापराचा हिशेब करत ते वर आले, तेव्हा सन २०००साठी लागणारी वीज सरकारी अंदाजाच्या निम्म्याहूनही बरीच कमी निघाली. या पद्धतीला त्यांनी 'डेफेंडस' असे नाव दिले. त्यात लांबलचक समीकरणे नाहीत, अवघड सॉफ्टवेअर नाही; कागद, पेन्सिल आणि साधी स्प्रेडशीट एवढ्यावर ती उभी आहे. माझ्या मते आपल्या देशातल्या ऊर्जा-मॉडेलिंगचा कणा आजही तीच आहे, पुढे आलेल्या सगळ्या चकचकीत आज्ञावल्या धरूनसुद्धा.

गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी हीच पद्धत महाराष्ट्राला लावून किमान खर्चाची वीज योजना मांडली. प्रयासची स्थापना १९९४ची. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९९३ मध्ये, राज्य वीज मंडळाने अमेरिकी एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाशी वीज खरेदीचा करार केला होता. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने आपल्या विश्लेषणाच्या आधारे या प्रकल्पाला कर्ज देण्याचे नाकारले होते. दिवसरात्र चालणारी एवढी महाग वीज या राज्याच्या मागणीत बसत नाही, असा त्या नकाराचा आशय होता. म्हणजे गणित झालेले होते, उत्तर आलेले होते, आणि तरीही सही झाली. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरच्या भावाशी जोडलेला, अशी कराराची रचना असल्यामुळे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाल्यावर जितकी वीज कमी घेतली तितका युनिटचा दर फुगत गेला, आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने २००१ मध्येच या सगळ्याचे शवविच्छेदन केले. त्या वर्षांतल्या वर्तमानपत्रांची कात्रणे चाळताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते. भ्रष्टाचार, राजकारण, अमेरिकेचा दबाव यांवर रकानेच्या रकाने भरलेले आहेत, पण 'रात्री दोन वाजता ही वीज घेणार कोण?' हा साधा तासाचा प्रश्न क्वचितच कुठे सापडतो.

मॉडेल दुर्लक्षिले जाते तेव्हा असे होते. ऐकले जाते तेव्हा काय होते, ते मी एकदा जवळून पाहिले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सरकारी कार्यालयात आम्ही बारा शक्यता घेऊन गेलो होतो. मागणी जास्त किंवा कमी, वीज साठवणारी बॅटरी स्वस्त किंवा महाग, पाऊस चांगला किंवा वाईट अशा जोड्या लावून केलेली बारा चित्रे होती ती. समोरच्या अधिकाऱ्यांनी सगळी शांतपणे पाहिली, दोन ठिकाणी तर आमची चूकही दाखवली, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, वर टिपणी पाठवायची असते. बारा आकडे पाठवता येत नाहीत. एक सांगा." तेव्हा मला राग आला होता. आज वाटते, त्यांचे बरोबर होते. निविदा एका आकड्याचीच निघते. मात्र त्या एका आकड्याबरोबर 'बॅटरी स्वस्त झाली तर' हे शेपूट गेले पाहिजे, आणि ते दर वेळी वाटेत गळून पडते.

शेपूट गळाल्यावर काय होते याचे सरकारी दफ्तरातलेच उदाहरण आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरावीक वर्षांनी सर्वेक्षण करून देशाच्या विजेच्या मागणीचा अंदाज बांधते. अठराव्या सर्वेक्षणाने २०२१-२२ साठी सर्वोच्च मागणी २८३ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) धरली होती. २०१७ च्या एकोणिसाव्या सर्वेक्षणाने तोच आकडा २२६ वर आणला. प्रत्यक्षात त्या वर्षी मागणी २०३ गिगावॅटच्या आसपास थांबली. मधल्या काळात पहिल्या आकड्याच्या भरवशावर कोळशाची केंद्रे बांधून झाली होती, आणि २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीसमोर अडचणीत आलेल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची, सुमारे ४० हजार मेगावॅटची, यादी होती. ते अडकण्याची कारणे अनेक होती, कोळसा मिळत नव्हता, वीज विकत घेणारे नव्हते. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी हा फुगीर आकडाही होता. अंदाज चुकतात यात नवल नाही. मे २०२४ मध्ये, उन्हाने देश भाजत असताना, मागणी २५० गिगावॅटला पोचली. चुकलेला अंदाज मागे घेता येतो. बांधलेले केंद्र मागे घेता येत नाही.

आता स्वच्छ ऊर्जेचे लक्ष्य घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर ४५० गिगावॅट नवीकरणीय क्षमतेचा उल्लेख केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०३० साठी ५०० गिगावॅट अ-जीवाश्म, म्हणजे कोळसा, वायू, तेल सोडून, क्षमतेचे लक्ष्य जाहीर केले. हे आकडे हवेतून आले असे म्हणणारे मला वारंवार भेटतात. त्यांना मी जानेवारी २०२० चा प्राधिकरणाचा अहवाल दाखवते. २०२९-३० साठी कमीत कमी खर्चाचे मिश्रण शोधणाऱ्या त्या मॉडेलने एकूण ८१७ गिगावॅट क्षमता सुचवली होती आणि त्यातून कोळसा व वायू वजा केले की पाचशेच्या थोडे पुढचाच आकडा उरतो. मॉडेलवरून लक्ष्य ठरले की लक्ष्य मनात धरून मॉडेल चालवले गेले, या वादात मला फारसा रस नाही. दोन्ही एकमेकांकडे पाहत पुढे सरकतात, जुगलबंदीतल्यासारखे. खरा तपशील पुढच्या आवृत्तीत आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेच गणित पुन्हा मांडले गेले तेव्हा पवनऊर्जा १४० वरून १०० गिगावॅटवर उतरली आणि बॅटरी २७ वरून जवळजवळ ४२ गिगावॅटवर चढली. तीन वर्षांत वारा बदलला नव्हता. गृहीतके बदलली होती.

कोळशाच्या केंद्रांची गोष्ट मात्र मॉडेल आणि धोरण यांचे खरोखर जुळले तर काय होते त्याची आहे. दुपारी सौर वीज भरपूर येते, तेव्हा कोळशाची केंद्रे खाली उतरली पाहिजेत. ती एका मर्यादेखाली उतरत नसतील तर सौर वीज फुकट घालवावी लागते. २०१७ मध्ये भारताच्या ग्रिड संचालकांनी अमेरिकेतल्या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळांबरोबर एक अभ्यास केला. १०० गिगावॅट सौर आणि ६० गिगावॅट पवन असताना वर्षभराच्या प्रत्येक पंधरा मिनिटांत ग्रिड कसे चालेल, ते त्यांनी मांडून पाहिले. कोळशाची केंद्रे क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरू शकली तर १.४ टक्के वीज वाया जाईल. ७० टक्क्यांवरच अडली तर साडेतीन टक्के, आणि ४० पर्यंत उतरली तर एका टक्क्याहूनही कमी, असे उत्तर आले. ५५ टक्क्यांची अट केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१६ मध्येच घातली होती. २०२३ मध्ये प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत जाण्याचे नियम केले. या नियमांचा विषय निघाला की औष्णिक केंद्रात पाळीवर असणारा माझा एक मित्र हसतो. कमी भारावर बॉयलरची ज्योत फडफडू लागते, तेल घालून ती सावरावी लागते, जाड नळ्या रोज तापून-निवून थकतात. "तुझ्याकडे चाळीस हा आकडा असतो, माझ्याकडे तो आवाज करतो," असे तो म्हणतो. पुढच्या मॉडेलमध्ये मी त्या तेलाचा आणि नळ्यांच्या थकव्याचा खर्च घातला. उत्तर फार बदलले नाही, पण मित्राचे हसणे थोडे कमी झाले.

तर, शेतीचा रकाना. सौर वीज तीन रुपये युनिटच्या आसपास आली तेव्हा माझ्या जुन्या मॉडेलमध्ये मी एकच गोष्ट बदलून पाहिली. शेतीचा भार 'हलवता येण्याजोगा' हा शेरा तसाच ठेवला आणि दुपारी भरपूर सौर वीज घातली. संगणकाने एका क्षणात सगळे पंप रात्रीतून उचलून दिवसा आणून ठेवले. शेतकरी संघटना वर्षानुवर्षे मोर्चे काढून 'दिवसा वीज द्या' म्हणत होत्या. गणिताला ते आता पटले, कारण आता ते स्वस्त होते. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

हा शोध माझा नव्हे. प्रयासच्या अभ्यासकांनी सौर शेती फीडरची आकडेमोड माझ्या कितीतरी आधी मांडली होती. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करायचे, ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची. बॅटरी लागत नाही, कारण पंप ऊन असताना चालला तरी पिकाचे काही बिघडत नाही. दुरून वीज आणण्यातली गळतीही वाचते. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर वेगळे पॅनेल लावण्यापेक्षा हे बरेच स्वस्त पडते. जून २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथे पहिले प्रयोग झाले. केंद्राच्या कुसुम योजनेत फीडरच्या पातळीवरचे सौरीकरण २०२० च्या अखेरीस आले. २०२३ मध्ये राज्याच्या योजनेचा दुसरा टप्पा निघाला, प्रकल्पाला भाड्याने जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले, आणि लक्ष्य पुढे वाढत १६,००० मेगावॅटपर्यंत गेले. महावितरणच्या एकूण विजेपैकी जवळजवळ तीस टक्के वीज जिथे जाते, तो रकाना असा रात्रीतून दिवसात सरकू लागला.

आमच्या फीडरवर सौर वीज आली त्याला आता वर्ष होत आले. दादा सकाळी न्याहारी करून शेतात जातात. बॅटरी खुंटीला टांगलेली आहे, तिचे सेल मी गेल्या दिवाळीत काढून ठेवले. पहिल्या महिन्यात गावाला गेले तेव्हा मी मोठ्या अपेक्षेने त्यांना विचारले, "आता कसं वाटतंय?"

"झोप लागती," दादा म्हणाले. थोडा वेळ पाट बघत राहिले आणि मग म्हणाले, "लाइट दिवसभर असती पोरी. पाणी दुपारपर्यंतच असतं."

ते कसे, हे मला त्यांनीच समजावले. पूर्वी फीडरांच्या पाळ्या वेगवेगळ्या होत्या. आमची मोटर चालू असे तेव्हा ओढ्यापलीकडच्यांच्या मोटरी बंद असत आणि विहिरींना पाझरायला उसंत मिळे. आता ऊन सगळ्यांना एकाच वेळी मिळते, म्हणून शिवारातल्या सगळ्या मोटरी नऊच्या सुमारास एकदम सुरू होतात. त्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजबिल नाही, त्यामुळे मोटर बंद करायला कोणालाच कारण उरलेले नाही. दुपारी दोनला आमच्या विहिरीचा फूटव्हॉल्व्ह हवा ओढू लागतो. माझ्या मॉडेलमध्ये तेव्हा फीडरवर वीज शिल्लक असते आणि मागणी 'पूर्ण' अशी नोंद होते.

मी पाहिलेल्या वीज नियोजनाच्या मॉडेलांत विहिरीच्या पातळीचा रकाना कुठेच नव्हता. भूजलाचे अभ्यासक वेगळे, त्यांची मॉडेले वेगळी, त्यांच्या नोंदी वर्षातून मोजक्या वेळा घेतलेल्या. माझे काम तासाचे. तासातासाची पातळी एका विहिरीची तरी मिळावी म्हणून मी यंत्र बसवायचे म्हणत होते. दादांनी गोठ्यातले सुताडे घेतले, त्याला हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ असे दिवसातून तीनदा पाण्यापर्यंतच्या गाठी मोजायला सुरुवात केली. आकडे ते मोबाइलवर पाठवतात. कधी गाठी चुकतात, कधी दुपारची नोंद राहते, आणि दोन दिवस बाजार होता म्हणून काहीच आले नाही. आज सकाळी 'अकरा' आले होते. दुपारी 'सतरा, आणि गाळ'. संध्याकाळचा आकडा अजून यायचा आहे.